नजरेसमोर वाढणारा आजार

चाळिशीतल्या एखाद्या गृहस्थाची चप्पल सात नंबरावरून नऊ नंबरावर गेली, तर घरात त्याची फारशी चर्चा होत नाही. लग्नातली अंगठी बोटात रुतू लागली, तर ती सोनाराकडून वाढवून आणली जाते. गृहिणीला सव्वादोनच्या बांगड्या चढेनाशा झाल्या, की कासार अडीचच्या काढतो आणि ‘अंग धरलंत, ताई’ असे कौतुकाने म्हणतो. आपल्या समाजात अंग धरणे हे सुखवस्तूपणाचे लक्षण मानले जाते. त्याची काळजी कोण करणार? नाक रुंदावते, ओठ जाडसर होतात, खालचा जबडा किंचित पुढे येतो, दातांत फटी पडतात, आवाज घोगरा होतो, घोरणे वाढते, हिवाळ्यातही घामाने सदरा भिजतो. यांतील प्रत्येक गोष्टीला घरात एकेक उत्तर तयार असते. वय झाले, बैठे काम आहे, आजोबांच्या वळणावर गेला. या उत्तरांत गैर असे काहीच नाही. परंतु ही सारी लक्षणे एकाच माणसात पाच-सात वर्षांच्या अवधीत गोळा होत असतील, तर त्यांचे कारण मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या ग्रंथीत शोधावयास हवे.

या आजारास वैद्यकात ‘अॅक्रोमेगली’ म्हणतात. ग्रीक भाषेत ‘अॅक्रॉन’ म्हणजे टोक आणि ‘मेगास’ म्हणजे मोठे. हात, पाय, नाक, जबडा अशी शरीराची टोके वाढत जाणे, असा त्याचा सरळ अर्थ. हे नाव फ्रेंच वैद्य प्येअर मारी यांनी १८८६ साली पॅरिसमध्ये दिले. तेथील साल्पेत्रिएर रुग्णालयातील दोन रुग्णांचे वर्णन करताना हा एक स्वतंत्र आजार आहे, हे त्यांनी ओळखले. त्यापूर्वी हे रुग्ण नव्हते असे नाही. ते डोळ्यांपुढे होते; ते सारे एकाच दुखण्याचे धनी आहेत, हे कोणी पाहिलेले नव्हते. आजाराचे मूळ मात्र मारी यांना तेव्हा सांगता आले नाही. या रुग्णांत पीयूषिका ग्रंथी वाढलेली आढळते, याकडे मिंकोव्हस्की यांनी पुढच्याच वर्षी लक्ष वेधले. परंतु ग्रंथी वाढल्याने रोग होतो की रोगामुळे ग्रंथी वाढते, हा वाद नंतर कित्येक वर्षे चालला. अमेरिकन शल्यविशारद हार्वी कुशिंग यांनी १९०९ साली अशा एका रुग्णाच्या ग्रंथीचा काही भाग कापून काढला व त्याची लक्षणे उतरू लागली, तेव्हा पारडे एका बाजूस झुकले.

ही पीयूषिका ग्रंथी वजनाने जेमतेम अर्धा ग्रॅम भरते. कवटीच्या तळाशी ज्या खोबणीत ती बसलेली असते, तिचा आकार खोगिरासारखा, म्हणून शरीररचनाशास्त्राने तिला ‘तुर्की खोगीर’ असेच नाव देऊन ठेवले आहे. तेथून जी अनेक संप्रेरके निघतात, त्यांपैकी एक वृद्धिसंप्रेरक. ते अखंड धारेने स्रवत नाही. दिवसातून काही वेळा उसळी मारावी तसे ते रक्तात येते, आणि सर्वांत मोठी उसळी रात्रीच्या गाढ झोपेत येते. मूल झोपेत वाढते असे जे म्हणतात, त्यात एवढे तथ्य आहे. ही उसळी केव्हा यावी आणि केव्हा थांबावी, हे वरच्या अंगास असलेला अधश्चेतक नावाचा मेंदूचा भाग ठरवितो. त्याच्याकडून दोन संदेश येतात, एक ‘सोड’ म्हणणारा व दुसरा ‘थांब’ म्हणणारा. थांबविणारे द्रव्य सोमॅटोस्टॅटिन. ते १९७३ साली रॉजर गिलमँ यांच्या प्रयोगशाळेत हाती लागले. सोडविणारे द्रव्य हाती लागण्यास १९८२ साल उजाडले, आणि ते सापडले मेंदूत नव्हे, तर अॅक्रोमेगली झालेल्या रुग्णांच्या स्वादुपिंडातील गाठींत! मेंदूत ते इतक्या सूक्ष्म प्रमाणात असते की संशोधकांना वर्षानुवर्षे हुलकावणी देत राहिले. या गाठी मात्र ते मुबलक तयार करीत होत्या. ज्या रोगाचे कोडे सोडवावयाचे, त्याच्याच एका दुर्मिळ प्रकाराने उत्तर पुढे करावे, हा योगायोग विज्ञानाच्या इतिहासातही विरळाच म्हणावा लागेल.

वृद्धिसंप्रेरक आपले बरेचसे काम स्वतः करीत नाही. ते यकृताला कामास लावते आणि यकृत ‘आयजीएफ-वन’ नावाचे दुसरे द्रव्य रक्तात सोडते. हाडे, कूर्चा, त्वचा व आतील अवयव यांची वाढ मुख्यतः या दुसऱ्या द्रव्याच्या हुकमाने होते. ते पुरेसे झाले, की त्याची वर्दी मेंदूकडे व पीयूषिकेकडे परत जाते आणि वृद्धिसंप्रेरकाचा पुरवठा आखडतो. अॅक्रोमेगलीत बिघडते ते इथे. पीयूषिकेतील वृद्धिसंप्रेरक बनविणाऱ्या एखाद्या पेशीत दोष उत्पन्न होतो, तिच्याच वंशातील पेशींची गाठ बनत जाते, आणि ही गाठ वर्दीला जुमानत नाही. अशा गाठींपैकी सुमारे ४० टक्के गाठींत पेशीतील एका विशिष्ट प्रथिनाची घडण बदललेली असते, हे १९८०च्या दशकाच्या अखेरीस सिद्ध झाले. वरून ‘सोड’ हा संदेश आला, की हे प्रथिन पेशीतील कळ दाबते व काम होताच सोडते. दोष असलेल्या पेशीत ती कळ दाबलेलीच राहते. संदेश येवो वा न येवो, कारखाना दिवसरात्र चालू. हा दोष जन्मानंतर त्या एका पेशीत उद्भवलेला असतो. तो आईबापांकडून आलेला नसतो व मुलांकडेही जात नाही. गाठ बहुधा कर्करोगाची नसते. ‘मेंदूत गाठ’ हे दोन शब्द ऐकताच हातपाय गाळणाऱ्या कुटुंबांना हे आधीच सांगितले पाहिजे.

ही गाठ कोणत्या वयात होते, यावर पुढील सर्व चित्र अवलंबून असते. लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेच्या पट्ट्या असतात आणि उंची वाढते ती त्यांच्या बळावर. वयात आल्यानंतर त्या भरून येतात. त्या भरून येण्यापूर्वी गाठ झाली, तर मूल ताडमाड वाढते. नंतर झाली, तर हाडांना लांब होण्यास वावच उरत नाही, म्हणून ती जाड व रुंद होतात. पहिला प्रकार महाकायतेचा, दुसरा अॅक्रोमेगलीचा. रोग एकच, वय वेगळे.

महाकाय माणसाच्या वाट्याला जगाने जे दिले, त्याचा इतिहास फारसा अभिमानास्पद नाही. चार्ल्स बर्न हा आयर्लंडमधील तरुण १७८२ साली लंडनमध्ये स्वतःचे प्रदर्शन करून पोट भरू लागला. त्याची उंची आठ फुटांहून अधिक असल्याची जाहिरात होत असे; सांगाड्याच्या मापाने ती सात फूट सात इंचांच्या आसपास भरते. १७८३ साली, अवघ्या बावीस वर्षांचा असताना तो वारला. आपला देह शरीररचनातज्ज्ञांच्या हाती पडू नये, तो समुद्रात बुडवावा, अशी त्याची इच्छा होती. प्रसिद्ध शल्यविशारद जॉन हंटर यांनी पैसे चारून तो देह मिळविला आणि पुढे दोन शतकांहून अधिक काळ बर्नचा सांगाडा लंडनच्या हंटेरियन संग्रहालयात उभा राहिला. १९०९ साली कुशिंग यांच्यासमक्ष त्याची कवटी उघडण्यात आली, तेव्हा ते ‘तुर्की खोगीर’ रुंदावलेले आढळले. २०११ साली त्याच्या दातांतून काढलेल्या जनुकद्रव्याची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यात ‘एआयपी’ नावाच्या जनुकातील दोष सापडला, आणि तोच दोष आज उत्तर आयर्लंडमध्ये राहणाऱ्या काही कुटुंबांतही आढळला. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या एका समान पूर्वजाकडून तो खाली आला असावा, असा संशोधकांचा हिशेब आहे. अर्थात घराण्यातून येणारा हा प्रकार थोडा. परंतु ज्या घरात तो आहे, तेथील मुलांची वेळीच तपासणी करता येते, हा त्या सांगाड्याने दिलेला लाभ नाकारता येणार नाही. तरीही, मृताची इच्छा मोडून मिळविलेल्या ज्ञानाचे समर्थन आपण किती काळ करीत राहावयाचे, हा प्रश्न उरतोच. २०२३ साली संग्रहालय पुन्हा उघडले, तेव्हा बर्नचा सांगाडा प्रदर्शनातून काढून घेण्यात आला. संशोधनासाठी तो ठेवलेला आहे. समुद्र त्याला अजून मिळालेला नाही.

नोंदलेल्या इतिहासातील सर्वांत उंच पुरुष, अमेरिकेतील रॉबर्ट वॅडलो, हाही बावीस वर्षांचाच जगला. १९४० साली त्याची उंची २.७२ मीटर होती. पायांना आधार म्हणून लावलेल्या पट्ट्यांनी घासून फोड आला, त्यात पू झाला आणि त्यातच तो गेला. असा माणूस दिसला, की आपल्याला घटोत्कच वा कुंभकर्ण आठवतो, पोरे मागे लागतात, सर्कसवाला बोलावणे पाठवतो. तो रुग्ण आहे हे कोणाच्या मनात येत नाही. आपल्याकडील ‘द ग्रेट खली’ म्हणून गाजलेले मल्ल दलीप सिंग राणा यांच्या पीयूषिकेवरील गाठ २०१२ साली अमेरिकेत शस्त्रक्रियेने काढण्यात आली. त्यांच्या कुस्त्या ज्यांनी चवीने पाहिल्या, त्यांतील किती प्रेक्षकांना या गाठीची वार्ता आहे?

तथापि महाकाय माणसे मूठभर. खरी चिंता आहे ती चारचौघांसारख्या उंचीच्या, चारचौघांत वावरणाऱ्या प्रौढ रुग्णांची. निरनिराळ्या देशांतील पाहण्यांवरून दर दहा लाख वस्तीमागे या आजाराचे सुमारे साठ रुग्ण असावेत, असे मानले जाते. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. हेच प्रमाण येथे लावले, तर एकट्या या राज्यात साडेसहा हजारांहून अधिक रुग्ण असावयास हवेत. हा अंदाज आहे, मोजदाद नव्हे. पण ही माणसे कोठे आहेत, असे कोणी विचारलेच, तर त्यांतील पुष्कळ जण आज कोणत्या ना कोणत्या दवाखान्याच्या बाकावर भलत्याच दुखण्यासाठी बसलेली आहेत, असे उत्तर द्यावे लागेल.

कारण हा आजार एका दाराने आत येत नाही. वृद्धिसंप्रेरक इन्शुलिनच्या कार्यास विरोध करते, म्हणून मधुमेह होतो व रुग्ण मधुमेहाच्या डॉक्टरांकडे जातो. मनगटातील नस दाबली जाऊन बोटांना मुंग्या येतात, गुडघे दुखतात, म्हणून तो अस्थिरोगतज्ज्ञाकडे जातो. दातांत फटी पडल्या, कवळी बसेना, म्हणून दंतवैद्याकडे. जीभ व घशाच्या पेशी वाढून झोपेत श्वास अडकतो, म्हणून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे. स्त्रियांची पाळी बंद होते, म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञाकडे. रक्तदाब वाढतो, हृदयाचे स्नायू जाड होतात, म्हणून हृदयरोगतज्ज्ञाकडे. गाठ वर वाढून दृष्टीच्या नसांवर दाब आला, की दोन्ही बाजूंचे दिसेनासे होते आणि रस्ता ओलांडताना कडेची मोटार दिसत नाही, मग नेत्रतज्ज्ञ. यांतील प्रत्येक जण आपापल्या परीने योग्य तेच औषध देतो. मनगटाची शस्त्रक्रिया होते, चष्मा बदलतो, साखरेच्या गोळ्या वाढतात. सहा डॉक्टरांनी सहा अवयव तपासले, माणूस कोणीच पाहिला नाही! पहिले लक्षण दिसल्यापासून निदान होईपर्यंत पाच ते दहा वर्षे सहज जातात, असा जगभरचा अनुभव आहे. तीन पिढ्यांची नाडी ठाऊक असलेला घरचा डॉक्टर आपण मोडीत काढला, त्याची ही किंमत आहे, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. अर्थात रोज दिसणारा घरचा डॉक्टरही येथे फसू शकतो. बहुधा ओळखतो तो परका: वर्षांनी भेटलेला मावसभाऊ, बदलून आलेला नवा डॉक्टर.

या रोगाच्या शंकेसाठी लागणारे पहिले साधन मात्र प्रत्येक मराठी घराच्या कपाटात पडलेले असते. ते म्हणजे लग्नाचा अल्बम. जाणते डॉक्टर रुग्णाला जुने फोटो घेऊन यावयास सांगतात आणि चेहऱ्याशी ताडून पाहतात. आधारपत्रावरील वा वाहन परवान्यावरील छायाचित्र हेही तेच काम करते. पुढची पायरी रक्ताची. वृद्धिसंप्रेरक उसळ्यांनी येत असल्यामुळे ते कोणत्याही एका वेळी मोजून फारसे काही कळत नाही; आयजीएफ-वनची पातळी दिवसभर जवळजवळ स्थिर असते, म्हणून वयानुरूप प्रमाणाशी ती ताडून पाहतात. ती वाढलेली निघाली, तर रुग्णास ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून वृद्धिसंप्रेरक मोजतात. निरोगी माणसात ते साखरेने दबते, या रुग्णांत दबत नाही. त्यानंतर एम.आर.आय. करून गाठ पाहावयाची. या साखळीत अतिगूढ असे काहीच नाही. अडते ते पहिल्या शंकेपाशी.

आणि त्या शंकेस उशीर झाला, की उपचाराचे स्वरूपच बदलते. नाकावाटे आत जाऊन पीयूषिकेवरील गाठ काढणे, हा या रोगाचा मुख्य उपचार. एक सेंटिमीटरहून लहान गाठ तरबेज शल्यविशारदाच्या हाती पडली, तर दहांतील आठ-नऊ रुग्ण बरे होतात. गाठ मोठी असेल, तर हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. दुर्दैवाने निदानाच्या वेळी बहुतेकांची गाठ त्या सेंटिमीटरची मर्यादा ओलांडून गेलेली असते. शस्त्रक्रियेनंतर मऊ भागांची सूज झपाट्याने उतरते, घाम थांबतो, अंगठी सैल होते. पण वाढलेला जबडा मागे जात नाही आणि झिजलेले सांधे पूर्ववत होत नाहीत. रोग आटोक्यात न आणल्यास अकाली मृत्यूचा धोका सर्वसाधारण माणसाच्या सुमारे दुप्पट होतो. आयजीएफ-वन पूर्ववत झाले, तर तो धोका जवळजवळ नाहीसा होतो. म्हणजे त्या पाच-दहा वर्षांत जे गमावले जाते, ते केवळ रूप नसते.

गाठ पूर्ण निघाली नाही, तर सोमॅटोस्टॅटिनसारखेच काम करणारी ऑक्ट्रिओटाइड वा लॅनरिओटाइड ही इंजेक्शने महिन्याच्या महिन्याला, पुष्कळदा वर्षानुवर्षे घ्यावी लागतात. त्यांची किंमत मध्यमवर्गीय पगारालाही न झेपणारी. शेतमजुराची तर गोष्टच नको. कॅबरगोलिनच्या गोळ्या स्वस्त आहेत, पण त्यांचा उपयोग काहींनाच होतो. किरणोपचाराचा परिणाम दिसण्यास कित्येक वर्षे लागतात. आपल्याकडील बहुतेक आरोग्य योजना रुग्णालयात दाखल होणाऱ्याचा खर्च उचलतात. घरी राहून दरमहा औषध घेणारा रुग्ण त्यांच्या हिशेबात बसत नाही. शस्त्रक्रिया फुकट आणि पुढचे औषध आपापल्या खिशातून, ही व्यवस्था अर्ध्या नदीत पूल संपवण्यासारखी आहे.

या दुखण्याच्या जोडीने वृद्धिसंप्रेरकाच्या दुसऱ्या टोकाकडेही पाहणे अगत्याचे आहे. हे संप्रेरक कमी पडले, तर मूल खुजे राहते. १९५८ सालापासून मृतांच्या पीयूषिकेतून काढलेले संप्रेरक अशा मुलांना दिले जाई. त्यातून काहींना मेंदूचा एक प्राणघातक रोग जडला, हे १९८५ साली उघडकीस आले आणि ते बंद करून प्रयोगशाळेत बनविलेले संप्रेरक वापरात आले. केंद्र सरकारच्या २०२१च्या दुर्मिळ आजारांविषयीच्या धोरणात या अभावग्रस्त मुलांच्या उपचाराची दखल घेतली गेली, हे योग्यच झाले. पण प्रयोगशाळेत मुबलक तयार होऊ लागल्यापासून हेच औषध व्यायामशाळांतही पोहोचले आहे. दंड-छाती फुगविण्याच्या हौसेने धडधाकट तरुण ते टोचून घेतात. म्हणजे जो रोग निसर्ग दहा लाखांत साठांना देतो, तो ते पैसे मोजून विकत आणू पाहतात. दुसरीकडे ‘सहा महिन्यांत उंची वाढवा’ अशा भुकट्यांच्या जाहिराती चालूच आहेत. उंची वाढविण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना १९५४च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्यान्वये बंदी आहे. कूर्चेच्या पट्ट्या भरून आल्यावर कोणतीही भुकटी उंची वाढवू शकत नाही, हे तर शरीरशास्त्राच्या पहिल्या धड्यातले ज्ञान. कायदा अन्न व औषध प्रशासनाच्या हाती आहे. तो वापरण्याची इच्छा तेवढी दिसत नाही.

राज्याच्या आरोग्य खात्याकडे मागावयाचे ते फार मोठे नाही. आयजीएफ-वनची तपासणी जिल्हा रुग्णालयातून व्हावी. तेथे यंत्र नसेल, तर रक्ताचा नमुना वैद्यकीय महाविद्यालयाकडे पाठविण्याची सोय असावी. मधुमेह व रक्तदाबाच्या तपासणीसाठी गावोगाव जे कर्मचारी फिरतात, त्यांच्या प्रश्नावलीत चपलेचा व अंगठीचा एक प्रश्न वाढवावा. त्याला छदाम खर्च नाही. दंतवैद्यांच्या व अस्थिरोगतज्ज्ञांच्या अभ्यासक्रमात हा आजार एका परिच्छेदापुरता उरला आहे, तो रुग्णालयाच्या फेरीत दाखविला जावा. पीयूषिकेच्या शस्त्रक्रिया जेथे वारंवार होतात, अशा थोड्या केंद्रांकडेच हे रुग्ण पाठवावेत, कारण या कामात शल्यविशारदाचा सराव हाच अर्धा उपचार असतो. आणि शस्त्रक्रियेनंतर ज्यांना इंजेक्शन चुकत नाही, त्यांचे इंजेक्शन त्याच आरोग्य योजनेत बसवावे. गडचिरोली वा नंदुरबारच्या रुग्णाने त्यासाठी दरमहा मुंबईची गाडी पकडावी, अशी अट मात्र त्यात नसावी.